तिसऱ्या पुराआधी

मोळ्या कमी झाल्या आहेत असं मला पहिल्यांदा वाटलं ते एका सोमवारी, आणि लगेच वाटलं की आपलाच काहीतरी घोळ झाला असेल. माझं नेहमी असंच होतं. तीस वर्षं इराकच्या दक्षिणेला नासिरिया शहरातल्या शाळेत व्याकरण शिकवलं, पण घराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला मी रोज अर्ध्या रस्त्यातून परत यायचो. म्हणून होडीतून उतरल्यावर मी बेटाच्या चिखलात उभा राहिलो आणि घराच्या कमानींसाठी वेगळा काढलेला जाड, उंच बोरू पुन्हा मोजला. शनिवारी बत्तीस मोळ्या होत्या. आता एकोणतीस.

बेट माझ्या वडिलांचं. म्हणजे, होतं. सरकारने पाणी अडवलं तेव्हा सगळी दलदल वाळून भेगाळली, आम्ही शहरात गेलो आणि वडील तिथेच वारले. पुढे बांध फुटले, पाणी परत आलं. मी निवृत्त होऊन परत यायला मात्र आणखी दोन वर्षं गेली. तेवढ्यात शेजारच्या बेटावरच्या मिझबानने आपल्या सात म्हशी इथे चढवल्या होत्या. दोन पूर त्या इथे उभ्या राहिल्या.

आमच्याकडे जागेचे कागद नसतात. ज्याची चूल पेटते त्याची जागा. चूल नसेल, तर ज्याची जनावरं लागोपाठ तीन पूर एका जागेवर उभी राहिली त्याची. तिसरा पूर सहा आठवड्यांवर आला होता. त्याआधी माझं घर उभं राहून त्यातून धूर निघाला नाही, तर बेट मिझबानचं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

तो त्याच वेळी काठीने होडी रेटत माझ्या बाजूने गेला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पुढचा एक दात पडलेला माणूस. चेहरा कायम हसरा, त्यामुळे तो खरंच हसतो आहे का हे कधी कळायचं नाही.

“सलाम, उस्ताद! आज उशीर?”

“वारा होता.”

“वारा होता, की होडी पुन्हा गोल फिरत होती?”

“मिझबान, इथे कोणी आलं होतं का?”

“आले होते की. बगळे आले होते.”

“मोळ्या कमी दिसताहेत.”

त्याने मोळ्यांकडे पाहिलंच नाही. मला खटकलं ते हेच. तुझ्यामागे साप आहे असं म्हटलं, तर माणूस आधी वळून बघतो.

“तुमच्या गाठी बघा की, उस्ताद,” तो म्हणाला. “बोरूला बूट घातलेत तुम्ही. बूट घातल्यावर चालत जाणारच ना तो!”

हा विनोद वस्तीत जुना झाला होता. आमच्याकडे प्रत्येकाची मोळी बांधायची आपली गाठ असते, बापाकडून आलेली. वडिलांची गाठ मी विसरलो होतो. पुष्कळ खटपट करून पाहिली, पण बोटांना आठवेना. मग मी बुटाच्या नाडीची गाठ मारायला लागलो, कारण मला तेवढी एकच पक्की येत होती.

त्या दिवसापासून मी जास्त बारकाईने पाहू लागलो. आम्ही राहत होतो बांधावर, माझ्या मेहुण्याच्या एका खोलीत. तिथून बेट होडीने दीड तास. रोज जाणं माझ्या कंबरेला झेपत नसे. एका दिवसाआड जायचो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदललेलं असायचं. एकदा दक्षिणेच्या कोपऱ्यात खुरांचे ताजे ठसे होते, जरी मिझबान म्हणाला होता की म्हशी आता तो आपल्याकडेच बांधून ठेवतो. एकदा तिथल्या कुंपणाचे बोरू नव्याने रोवलेले दिसले. हे कुंपण म्हणजे बेटाची कडच. पाण्यात बोरू रोवून रिंगण करायचं, आत बोरू, पाणकणीस आणि चिखल टाकायचा, तुडवायचा, पुन्हा टाकायचा. जमीन अशी पायाने बनवावी लागते. मी दक्षिणेची बाजू पावलांनी मोजली. आधीपेक्षा अर्धं पाऊल कमी भरली. की माझं पाऊल त्या दिवशी मोठं पडलं? पण मोळ्या सव्वीस होत्या, ह्यात पावलाचा काही प्रश्न नव्हता.

माझी बायको नूफा पीठ मळत होती तेव्हा मी तिला सांगितलं.

“मिझबान कड सरकवतोय. एक बोट, दोन बोटं. आणि बोरू नेतोय, म्हणजे पुराआधी कमानी उभ्या राहायला नकोत.”

“पाहिलंत का नेताना?”

“पाहिलं असतं तर नुसती शंका कशाला घेतली असती?”

“लग्नानंतर वर्षभर तुम्हाला वाटत होतं, माझी आई तुमच्या चहात कमी साखर घालते,” ती म्हणाली. “शेवटी निघालं काय? तुम्ही ढवळतच नव्हता.”

“हे तसं नाही, सादिकची आई.”

“नसेल. पण विचारायचं तर त्याला एकट्याला विचारा. चारचौघांत नको. तुम्हाला चारचौघांत बोलता येत नाही. एकतर गप्प बसता, नाहीतर पुस्तक वाचल्यासारखं बोलता.”

तिचं ऐकायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी सगळे झायर लाझिमच्या मुधीफमध्ये जमतात. बोरूच्या उंच कमानींची ती बैठक त्यांनी स्वतः उभी केलेली. झायर ऐंशीच्या पुढचे, आणि कमान कशी वाकवायची ते आता नीट जाणणारे ते एकटेच उरले होते. मी दाराजवळ, जिथे नेहमी बसतो तिथे बसलो. माझ्या घराच्या कमानी पुढच्या गुरुवारी उभ्या करायच्या असं ठरत होतं. अशा कामाला आमच्याकडे सगळे हात लावतात. मजुरी नाही, फक्त जेवण.

कोणीतरी म्हणालं, “उस्तादच्या कमानींना आपण पायमोजे पण घालू या.”

सगळे हसले. मिझबानही हसला. मला असं काही बोलायचं नव्हतं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला.

“माझ्या बत्तीस मोळ्या होत्या. आज एकवीस आहेत. ज्याला हसू येतंय त्याने अब्बासची शपथ घेऊन सांगावं, की माझ्या बोरूच्या एका काडीलाही त्याचा हात लागलेला नाही.”

कॉफी ओतणाऱ्याचा हात तसाच थांबला. शहीद अब्बासचं नाव घेऊन खोटं बोलणारा वर्ष काढत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्या शपथेवर खुनाचे निवाडे झाले आहेत. बोरूसाठी ती कोणी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण पाहत होतो मिझबानकडे, आणि मग सगळेच पाहू लागले.

“घे बाबा शपथ,” त्याचा चुलता म्हणाला. “संपव एकदाचं.”

मिझबानच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. तो हातातल्या कपाकडे पाहत राहिला. मग न पिताच कप खाली ठेवला, उठला आणि माझ्या अंगावरून बाहेर गेला. त्याच्यामागे त्याची भावकी उठली, एकेक करून, भरलेले कप ठेवून.

मला आनंद झाला हे कबूल करतो. आपली शंका खरी ठरली, एवढ्या साध्या गोष्टीचा.

“जिंकलास, उस्ताद,” बैठक रिकामी झाल्यावर झायर म्हणाले. “आता कमानी कोण उभ्या करणार?”

“त्याने शपथ घेतली नाही, झायर. तुम्ही पाहिलंत.”

“शपथ घेतली नाही एवढंच पाहिलं. बाकीचं तू पाहिलंस.” त्यांनी विझत आलेल्या शेणकुटावर फुंकर मारली. “पंधरा माणसं लागतात. त्यातली अकरा आत्ता इथून उठून गेली. मी म्हातारा, तू म्हातारा. उरले दोघं, त्यातल्या एकाची पाठ दुखते.”

गुरुवारी कोणी आलं नाही. नूफाने तीन मोठे मासे भाजले होते. ते आम्ही दोघांनी आणि मेहुण्याने दोन दिवस खाल्ले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही कोणी आलं नाही. पाणी रोज बोटभर चढत होतं. मिझबान माझ्या बेटावरून होडी नेताना आता तोंड दुसरीकडे करायचा. त्याच्या म्हशी मात्र त्याच्या बेटावरून माझ्याकडे बघत उभ्या असायच्या. त्याचं बेट केव्हाच ओलं झालं होतं. त्या वाट पाहत होत्या, आणि तोही वाट पाहत असणार. त्याला काही करायची गरजच नव्हती. फक्त पाणी चढायला हवं होतं.

मी एकट्याने जमेल ते करत राहिलो. पाणकणीस कापून आणायचो, पसरायचो, तुडवायचो. एका सकाळी उत्तरेच्या कोपऱ्यात पाय घोट्यापर्यंत आत गेला. खालून पाणी वर येत होतं. मग पश्चिमेचा कोपरा. तिथेही तेच. मी भर टाकून थकलो आणि दक्षिणेला येऊन बसलो, आणि बराच वेळ बसल्यावर लक्षात आलं की मी कोरड्यात बसलो आहे.

बेटाच्या सगळ्या कडा दबत होत्या, आणि मिझबानने हात लावलेली कड तेवढी घट्ट होती.

आधी माझ्या मनात आलं ते वाईटच आलं. तो ही बाजू स्वतःसाठी पक्की करतो आहे, म्हशी चढवायला. मी फावडं घेतलं. नवं कुंपण उपटून जुन्या जागी न्यायचं, एवढाच विचार होता. हातभर चिखल काढला आणि फावडं कशाला तरी अडलं. आडवा रचलेला बोरू, जाड, करंगळीहून मोठा, अजून हिरवट. कमानींचा. मी गुडघ्यांवर बसून हाताने चिखल बाजूला केला. मोळी अख्खी होती, न सोडता तशीच दाबलेली, आणि तिच्यावर माझी बुटाच्या नाडीची गाठ होती.

दुपारपर्यंत मी आठ गाठी मोजल्या. एकावर एक, आडव्या-उभ्या रचलेल्या. असं रचणं मला जमलं नसतं. मी सगळं एकाच दिशेने टाकत आलो होतो, म्हणून तर माझ्या बाजू दबत होत्या.

मी तसाच चिखलाने भरलेला मिझबानच्या बेटावर गेलो. तो म्हशींच्या शेणाच्या गोवऱ्या थापत होता. त्याने मान वर केली नाही.

“कोपरा खणला मी,” मी म्हणालो.

“कशाला खणलात? आता परत तुडवावा लागेल.”

“का सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं?” त्याने एक गोवरी जोरात थापली. “ती म्हातारी म्हैस बघा, शिंग मोडलेली. दोन वर्षं तिकडे चढतेय, तिला वाटतं तेच घर. दोरी तोडून गेली. तिच्यामागे बाकीच्या. तुमचा कोपरा बसला पाण्यात. सांगितलं असतं, तर काय म्हणाला असता?”

मी त्या मोडक्या शिंगाकडे पाहिलं.

“म्हणाला असता, मिझबानने मुद्दाम म्हशी सोडल्या. झायरकडे गेला असता. झायर म्हणाले असते, म्हशी लांब ने. कुठे नेऊ? डोक्यावर घेऊ?”

“पण माझाच बोरू? कमानींचा?”

“हाताशी तोच होता. पाणी आत शिरत होतं, उस्ताद. घरी जाऊन माझा आणेपर्यंत अर्धं बेट गेलं असतं. मग रोज थोडं थोडं बसत गेलं, रोज एक-दोन टाकल्या. म्हटलं, तुम्हाला काय कळणार.” त्याने हाताचं शेण झटकलं. “तिथे मी चुकलो. तुम्हाला मोजता येतं.”

“अकरा गेल्या आहेत. सापडल्या आठ.”

“अजून खणा.”

“खणलं.”

“मग आठ,” तो म्हणाला आणि पुढची गोवरी थापली.

मी त्याच्याकडे पाहिलं. मला त्याच्या तोंडावर काहीच वाचता आलं नाही. तीन मोळ्या खोल गेल्या असतील. त्याच्या चुलीत गेल्या असतील. मी पहिल्या दिवशी चुकीचं मोजलं असेल. आजही मला ठाऊक नाही.

“गुरुवारी येशील का?” मी विचारलं.

“तुम्ही जिथे बोललात तिथे परत बोला. सगळ्यांसमोर. म्हशींचं नाव काढायचं नाही.”

“मग काय सांगू?”

“सांगा, मोजायला चुकलो.”

परतताना दीड तास मी त्यावर विचार केला. मोजायला चुकलो म्हणायचं, म्हणजे खोटं बोलायचं, आणि मास्तर म्हणून आयुष्यभराचं हसं करून घ्यायचं. आणि म्हशींचं नाव का नको? त्याची अब्रू राहावी म्हणून, की माझ्या बेटावर त्या यंदाही चढल्या ह्याचा बोभाटा न होता पूर यावा आणि त्यांनी गुपचूप उभं राहावं म्हणून? मी त्याच्या हातात माझंच फावडं देत होतो की काय? पण घर नसेल तर फावड्याचं तरी काय करायचं होतं.

शुक्रवारी मी दाराजवळ न बसता उभा राहिलो. मिझबान आला होता, पण आत बसला नव्हता. बाहेर होडीतच होता.

“मोळ्यांच्या बाबतीत,” मी म्हणालो, आणि घसा खाकरला. “मोजायला चुकलो मी. कोणी काही नेलेलं नाही. मी मागितलेली शपथ परत घेतो.”

“तीस वर्षं पोरांना काय शिकवलंस रे?” मागून कोणीतरी विचारलं.

“व्याकरण,” मी म्हणालो.

असा हशा त्या मुधीफमध्ये पुष्कळ वर्षांत पिकला नसेल. झायर तेवढे हसले नाहीत. ते माझ्या नखांतल्या चिखलाकडे पाहत होते. मग त्यांनी एक कप भरायला सांगितला आणि बाहेर होडीत पाठवला. मिझबानने तो पिऊन रिकामा परत दिला.

गुरुवारी सोळा माणसं आली. मिझबान सर्वांत आधी आला, होडीत त्याचा स्वतःचा बोरू भरून. पाच कमानींना माझा पुरला नसता. मी मोळ्या उतरवून घेतल्या, आणि सवयीने मोजल्या. अकरा. आठ नव्हे, अकरा. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो दोर सोडवत होता.

झायरनी दोन्ही बाजूंना पाच-पाच खड्डे करायला लावले. बोरूचे खांब बाहेरच्या अंगाला झुकवून रोवले, मग दोर टाकून शेंडे एकमेकांकडे ओढायचे. “हळू! हळू! बायकोचे केस ओढताय का?” झायर ओरडत होते. मी तिसऱ्या कमानीच्या दोरावर होतो, माझ्या पुढे मिझबान. शेंडे मिळत आले होते, दोर हाताला कापत होता, आणि त्याच वेळी तो मान न वळवता हळूच म्हणाला, “दक्षिणेकडे थोडी जागा सोडा, उस्ताद. पुरात म्हशींना.”

म्हणजे हे होतं. कोपरा घट्ट केला तो ह्यासाठी, आणि माझ्याकडून खोटं वदवलं तेही ह्यासाठी. तिसरा पूर. आणि दोर सोडता येत नव्हता. सोडला असता तर कमान माणसांवर आली असती.

“झायरसमोर बोल,” मी म्हणालो. “मोठ्याने.”

मला वाटलं, तो गप्प बसेल. कमान बांधून झाली, दोर सैल झाले, माणसं घाम पुसायला लागली. मग तो झायरसमोर जाऊन उभा राहिला.

“झायर, उस्तादच्या घराशी माझं एक मागणं आहे. पुराच्या दिवसांत माझ्या सात म्हशी ह्यांच्याकडे पाहुण्या येतील.”

पंधरा जणांनी ते ऐकलं. झायरनी डोळे बारीक केले.

“पाहुण्या?”

“पाहुण्या.”

“पाहुणा जागेचा मालक होत नाही, मिझबान. किती का पूर येईनात.”

“माहीत आहे.”

“आणि उस्ताद,” झायर माझ्याकडे वळले, “पाहुण्याला दारातून परत पाठवता येत नाही. ह्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. हेही सगळ्यांनी ऐकलं आहे.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला पुस्तकी काहीतरी आठवत होतं, पण ते बोललो नाही. “येऊ देत,” म्हणालो.

नूफा थांबलीच नाही. पाच कमानी उभ्या होत्या, वर चटई नव्हती, आकाश दिसत होतं. तिने मधल्या कमानीखाली तीन ढेकळं मांडली, मिझबानच्याच गोवऱ्या पेटवल्या आणि चहाचं आधण ठेवलं. धूर सरळ वर गेला.

पूर दहा दिवसांनी आला. सातही म्हशी पोहत आल्या आणि दक्षिणेच्या कोपऱ्यावर चढल्या. मोडक्या शिंगाची सर्वांत पुढे. कोपरा हलला नाही. मी रोज सकाळी त्या मोजतो. आठवी दिसली तर काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मिझबान दूध काढायला आला तेव्हा म्हातारी म्हैस भिंतीतून बोरू उपसून खात होती.

“तुझी पाहुणी माझी भिंत खातेय,” मी म्हणालो.

“पाहुण्याला काय वाढायचं ते यजमानाने बघायचं,” तो तिच्या पोटाआडून म्हणाला.

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मी विळा घेतला आणि कोवळा चारा कापायला होडी पाण्यात लोटली.